सिएटल–व्हँकुव्हर–सिएटल: वर्ल्ड कपच्या मॅचसाठी बॉर्डर ओलांडायचीय, कागदपत्रं आणि प्रवास कसा जमवावा?

सॅमामिशकर

नमस्कार मंडळी, २०२६ च्या जूनमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी मदत हवी आहे. जरा मोठं लिहितोय पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं.

ड्रॉमध्ये इजिप्त ग्रुप जी मध्ये आलं, बेल्जियम, इराण आणि न्यूझीलंडबरोबर, आणि त्यांच्या तिन्ही ग्रुप मॅच आमच्या अंगणातच आहेत म्हणा ना. १५ जूनला सिएटलला बेल्जियमशी, २१ जूनला व्हँकुव्हरला न्यूझीलंडशी आणि २६ जूनला परत सिएटलला इराणशी. माझा पुतण्या पंधरा वर्षांचा, इजिप्तच्या सालाहसाठी जीव टाकतो, पुण्यात लिव्हरपूलची मॅच रात्री दीडला असली तरी गजर लावून उठतो आणि सकाळी शाळेत जातो. १५ जून हा सालाहचा वाढदिवस, त्या दिवशी तो चौतीस वर्षांचा होणार आणि त्याच दिवशी आपण स्टेडियममध्ये असणार हे त्यानेच मला फोन करून सांगितलं. तिन्ही मॅचची तिकिटं मिळाली आहेत, माझा मोठा भाऊ आणि पुतण्या दोघं येतायत, वहिनीला सुट्टी नाही म्हणून ती पुण्यातच.

आता अडचण अशी की एका गाडीत आम्ही पाच जण आणि पाच जणांचे कागद तीन प्रकारचे. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको जोडीदाराच्या एच-फोर वर, दोघांचा पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय पण एक्स्टेन्शन अप्रूव्ह झालंय आणि आय-७९७, म्हणजे त्या मंजुरीचं पत्र, हातात आहे. मुलगी इथे जन्मलेली, तिचा अमेरिकन पासपोर्ट. भाऊ आणि पुतण्या यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-वन बी-टू, म्हणजे व्हिजिटर व्हिसा, आहे. कॅनडाचा व्हिसा कोणाकडेच नाही.

प्रश्न असे की, एक तर स्टॅम्प नसताना आम्ही दोघं व्हँकुव्हरहून परत येऊ शकतो का, ऑफिसात एक जण म्हणतो हो आणि दुसरा म्हणतो वेडेपणा करू नकोस. दुसरं, गाडी न्यावी की ट्रेनने जावं. आणि तिसरं, २१ तारखेची मॅच रविवारी संध्याकाळी सहाला आहे, सोमवारी ऑफिस आहे, तर रात्रीच परत निघणं शक्य आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, ऐकीव नको.

---

फुलबॅक_बेलव्ह्यू

स्टॅम्पबद्दल आधी लिहितो कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. तुम्ही जे विचारताय त्याला ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशन म्हणतात आणि तो काही जुगाड नाही, नियमात लिहिलेली सोय आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपेक्षा जास्त राहिला नाहीत, तुमचा आय-९४, म्हणजे अमेरिकेत कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल त्याची नोंद, चालू आहे, स्टेटस नीट सांभाळलंय आणि पासपोर्ट व्हॅलिड आहे, तर संपलेला स्टॅम्प तेवढ्या परतीपुरता चालू असल्यासारखा धरतात. तुमचा आय-९४ म्हणजे आय-७९७ च्या खालच्या भागात जो छापलेला असतो तो, एक्स्टेन्शन इथे राहून झालंय ना, मग तोच. तो मूळ कागद बरोबर ठेवा, फोनमधला फोटो पुरेसा समजू नका, आणि बाहेर पडताना तो कोणाला देऊन टाकू नका. काही जण एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बी झालेले असतात आणि पासपोर्टमध्ये फक्त जुना एफ-वनचा स्टॅम्प असतो, त्यांनाही हे लागू होतं.

पण एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. व्हँकुव्हरला चाललोच आहोत तर तिथल्या कॉन्सुलेटमध्ये स्टॅम्पिंगही उरकू असा विचार चुकूनही करू नका. कॅनडात असताना नवीन व्हिसाला अर्ज केला की ही सोय गेली, मग तो व्हिसा मिळेपर्यंत तुम्ही तिकडेच अडकलात. आणि तसंही २०२५ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेचं म्हणणं आहे की आपल्या देशात किंवा जिथे राहता तिथेच अर्ज करा, त्यामुळे कॅनडात स्टॅम्पिंग हा मार्ग आपल्यासाठी जवळजवळ बंदच धरा.

कॅनडाचा व्हिसा मात्र तुम्हाला चौघांनाही लागणार. ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही, ते भारतीय पासपोर्ट आणि कार्ड दाखवून जातात, पण एच-वन-बी वाल्यांना तशी सूट नाही. फी माणशी शंभर कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे पंच्याऐंशी वेगळे, एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबाला बायोमेट्रिक्स जास्तीत जास्त एकशे सत्तर. चौदा वर्षांवरच्या सगळ्यांना बोटांचे ठसे द्यावे लागतात म्हणजे पुतण्यालाही, आणि यापूर्वी दहा वर्षांत दिले असतील तर परत लागत नाहीत. मुलीला काहीच नको.

भावाला आजच सांगा. त्यांनी भारतातूनच अर्ज करायचा, कारण शेवटी पासपोर्ट व्हिसा चिकटवायला पाठवावा लागतो आणि इथे आल्यावर ते करत बसलात तर २१ जून उलटून जाईल. तुमचंही तेच, तुमचा पासपोर्ट बाहेर असताना भारतात जायची पाळी आली तर काय हा विचार करून तारीख ठरवा. अर्जाबरोबर मॅचचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, इथली सॅलरी स्लिप आणि आय-७९७ जोडा, म्हणजे हा माणूस परत जाणार आहे हे त्यांना दिसतं.

आणि तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. फिफा पास म्हणून जे ऐकलं असेल ते फक्त अमेरिकेच्या व्हिसा इंटरव्ह्यूची तारीख लवकर मिळावी म्हणून आहे, कॅनडाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

---

फ्रेझरकाठची

मी सरीत राहते, बॉर्डरच्या कॅनडाकडच्या बाजूला, आणि आमच्याकडची निम्मी मंडळी हॉकी आणि बेसबॉलसाठी सिएटलला जातात येतात. कॅनडाची बेसबॉल टीम ब्लू जेज सिएटलला खेळायला आली की तिथल्या मरीनर्सचं स्टेडियम निळं होतं ते काही उगाच नाही, सगळा वेस्टर्न कॅनडा तिकडे उतरतो. त्यामुळे रस्त्याबद्दल मी सांगते.

सिएटलहून आय-५ धरलात की साधारण एकशे चाळीस मैल, बॉर्डर सोडून अडीच ते तीन तास. एव्हरेट आणि मेरीसव्हिलच्या आसपास ट्रॅफिक लागतो तो वेगळा. बॉर्डरवरच्या ब्लेन गावाला पोचल्यावर बॉर्डरची दोन दारं आहेत. सरळ गेलात, एक्झिट २७६, तर पीस आर्च, तिथे ट्रक नसतात, म्हणून सगळ्यांना तेच माहीत आणि गर्दीही तिथेच. त्याच्या आधीचा एक्झिट २७५ घेतलात तर पॅसिफिक हायवे, त्याला लोक ट्रक क्रॉसिंग म्हणतात, पण गाड्यांच्या लेन वेगळ्या असतात, ट्रकच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. दोन्ही अगदी जवळजवळ आहेत. आय-५ वर त्या आधीच मोठे बोर्ड लागतात, कुठल्या दारावर किती मिनिटं ते लिहिलेलं असतं, ते बघूनच ठरवायचं, घरून ठरवून यायचं नाही. दोन्हीकडे तासाच्या वर दाखवत असेल तर बेलिंगहॅमलाच गाइड मेरिडियनवर वळून लिंडन–अल्डरग्रोव्ह, किंवा त्याच्याही पुढे सुमास–अ‍ॅबट्सफर्ड. लांबचा वळसा आहे पण रांगेत इंजिन चालू ठेवून बसण्यापेक्षा बरा. फक्त लिंडनचं दार रात्रभर उघडं नसतं, म्हणजे मॅच संपल्यावर परत येताना त्याच्या भरवशावर राहू नका.

पीस आर्चमधून आलात की हायवे ९९ लागतो आणि तो पुढे मॅसी टनेलमध्ये शिरतो. बॉर्डर पंधरा मिनिटांत पार झाली म्हणून खुश झालेले लोक त्या टनेलच्या तोंडाशी जाऊन बसतात, हे मी दर उन्हाळ्यात बघते. म्हणून माझं ठाम मत आहे की गाडी डाउनटाऊनमध्ये नेऊच नका. मॅचच्या दिवशी बीसी प्लेस या स्टेडियमच्या आजूबाजूचे रस्ते बंद असतात आणि पार्किंग मिळालंच तर तुमच्या जेवणापेक्षा महाग. पॅसिफिक हायवेने आलात तर सरीतून एक्स्पो लाइन पकडा, ती थेट स्टेडियम–चायनाटाऊन स्टेशनला सोडते, स्टेशनच्या बाहेर आलात की समोर छप्परच दिसतं. रिचमंडच्या बाजूने आलात तर ब्रिजपोर्टहून कॅनडा लाइन, येलटाऊनला उतरून चालत. तिकिटासाठी काही वेगळं काढायची गरज नाही, क्रेडिट कार्ड टॅप करा, पण एका कार्डावर एकच माणूस, त्यामुळे पाच जणांना पाच कार्डं लागतील किंवा मशीनवरून तिकिटं काढा. ऐन गर्दीत गेटवर हे कळलं की फार पंचाईत होते.

---

सॅमामिशकर

फुलबॅक, तुमचे किती आभार मानू, ऑफिसातल्या दोन्ही बाजूंना आता हेच दाखवतो. भावाला रात्रीच फोन केला, तो आज अर्ज भरायला बसलाय.

ताई, हे दोन दारांचं मला खरंच माहीत नव्हतं. ट्रेनचं कोणी सांगेल का? बायको म्हणते गाडीच नको.

---

रुळावरचा_प्रवासी

ट्रेन म्हणजे अ‍ॅमट्रॅक कॅस्केड्स. सिएटलचं किंग स्ट्रीट स्टेशन तिथल्या मॅचच्या स्टेडियमला, लुमेन फील्डला, जवळपास चिकटून आहे आणि व्हँकुव्हरचं पॅसिफिक सेंट्रल स्टेशन बीसी प्लेसपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. म्हणजे एका स्टेडियमच्या दारात बसून दुसऱ्याच्या दारात उतरायचं, असं जगात फार कमी ठिकाणी जमत असेल. चार तासांहून थोडं जास्त लागतं, बेलिंगहॅमच्या आधी कितीतरी वेळ रूळ अगदी पाण्याच्या कडेने जातात, डाव्या बाजूच्या सीट घ्या जाताना.

जाताना तपासणी व्हँकुव्हरला उतरल्यावर होते, एकदम सगळी ट्रेन रांगेत उभी राहते. मागच्या डब्यात असाल तर तुमचा नंबर शेवटी लागतो, म्हणून उतरायला तयार राहा. परत येताना उलटं, अमेरिकेचे अधिकारी पॅसिफिक सेंट्रललाच कागद बघतात आणि मग ट्रेनमध्ये सोडतात, पुढे ब्लेनला गाडी परत थोडा वेळ थांबते. त्यामुळे परतीच्या ट्रेनला निदान तासभर आधी पोचा, रिव्हॅलिडेशनवाल्यांनी तर त्याहून आधी, कारण तुमच्या कागदांवर दोन प्रश्न जास्त विचारले तर मागे ट्रेनची शिट्टी वाजत असायला नको.

आता अडचण. दिवसाला दोनच गाड्या आहेत. व्हँकुव्हरहून परतीची एक पहाटेची आणि एक संध्याकाळची, आणि संध्याकाळची सुटते तेव्हा तुमची मॅच जेमतेम सुरू होत असेल. म्हणजे ट्रेन घेतली तर रविवारची रात्र तिकडेच, सोमवारी सकाळची गाडी, दुपारी जेवायच्या वेळेच्या आसपास सिएटल. मला विचाराल तर हेच करा, सोमवारची सुट्टी टाका. पण सीट्स भराभर संपणार, व्हँकुव्हरला त्या आठवड्यात १८, २१ आणि २४ ला मॅच आहेत, त्यातल्या दोन खुद्द कॅनडाच्या. बसही आहेत, फ्लिक्सबस वगैरे, पण बस म्हणजे बॉर्डरला सगळ्यांनी सामान घेऊन उतरायचं आणि सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचं.

---

रात्रपाळी

मी वेगळं सांगतो. मॅच संपवून रात्रीच परत येणं अगदी शक्य आहे, मी क्रॅकन आणि कनक्सच्या हॉकी मॅचला कायम असंच करतो. तिथलं हॉकीचं रॉजर्स अरीना बीसी प्लेसच्या बाजूलाच आहे, रस्ता तोच. सहाची मॅच आठला संपली, बाहेर पडून गाडीपाशी पोचेपर्यंत नऊ, बॉर्डरला दहा, रात्री एकच्या आत घरी. रात्री दहानंतर पीस आर्चला गाड्या कमी होतात आणि २०२५ पासून कॅनडातून अमेरिकेत येणारे लोकही बरेच कमी झालेत हे सगळ्यांना माहीत आहे. उगाच हॉटेलला वर्ल्ड कपचे भाव का द्यायचे?

---

फुलबॅक_बेलव्ह्यू

रात्रपाळी, तुमचं गणित तुमच्यासाठी बरोबर आहे, पण तुमच्याकडे नेक्सस, म्हणजे बॉर्डरवरच्या वेगळ्या झटपट लेनचं, कार्ड असणार असा माझा अंदाज आहे. ते मुख्यतः अमेरिका आणि कॅनडाचे नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट यांना मिळतं, आणि नेक्ससच्या लेनमधून जायचं तर गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड हवं. इथे पाच जणांच्या गाडीत दोघं रिव्हॅलिडेशनवर, दोघं व्हिजिटर. बूथमधला अधिकारी पासपोर्टांचा गठ्ठा बघून पिवळी चिठ्ठी लावून आत जा म्हणाला तर त्यात काही वाईट वागणूक नाही, ते नेहमीचं काम आहे, पण आत ऑफिसात तुमच्या पुढे किती लोक आहेत ते तुमच्या हातात नसतं. आणि हॉकीच्या वेळी अठरा हजार लोक असतात, बीसी प्लेसमध्ये पन्नास हजारांच्या वर. त्यातले सिएटलकडे परतणारे किती ते मी सांगू शकत नाही, पण सगळे एकाच वेळी सुटणार एवढं नक्की.

गाडीतल्या सगळ्यात सोप्या पासपोर्टवरून वेळ ठरवायची नाही, ज्याच्या कागदाला सगळ्यात जास्त वेळ लागेल त्याच्यावरून ठरवायची. तुम्ही एकटे असता तर मी पण म्हणालो असतो जा आणि ये. पंधरा वर्षांचा मुलगा, लहान मुलगी आणि बरोबर संपलेले स्टॅम्प, हे घेऊन मध्यरात्री सेकंडरीत, म्हणजे आतल्या जादा तपासणीत, बसायचं कशाला?

अजून एक, आत पाठवलं तर नवीन आय-९४ देऊ शकतात. व्हिसावर येणाऱ्यांना जमिनीवरच्या बॉर्डरवर नवीन आय-९४ घ्यायचा झाला तर फी आता तीस डॉलर झालीये, पूर्वी सहा होती. पण पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे घरी आल्यावर ऑनलाइन जाऊन त्यावरची तारीख बघा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर कधी कधी तेवढ्याच तारखेपर्यंत देतात आणि आय-७९७ वरची तारीख लांबची आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो. शेवटचा दिलेला आय-९४ धरला जातो. तुमच्या दोघांच्या पासपोर्टची एक्स्पायरी आत्ताच बघून ठेवा.

---

रात्रपाळी

हो, माझ्याकडे नेक्सस आहे, हा मुद्दा मान्य. मी गाडीतल्या बाकीच्यांचा विचार केला नव्हता. तरी शनिवारी जाऊन रविवारी रात्री उशिरा निघायचं असेल तर रात्री अकरापर्यंत तिकडेच जेवा-खा आणि मग निघा, सगळ्यांबरोबर धावत निघू नका एवढं सांगतो.

आणि गांजा. हसू नका, दरवर्षी लोक अडकतात. वॉशिंग्टनमध्ये कायदेशीर, बीसीमध्येही कायदेशीर, पण मधली रेषा ओलांडताना दोन्ही बाजूंना गुन्हा. कोणी मित्राने गाडीत गांजाच्या गोळ्यांची (गमीची) बरणी विसरली असेल तर ती आधी काढा. व्हिसावरच्या माणसाला ते फार महागात पडेल.

---

सॅमामिशकर

बायकोने हे सगळं वाचून निकाल दिलाय, शनिवारी ट्रेन, सोमवारी सकाळी ट्रेन. मी आधी भावाला म्हणालो होतो की सिएटलच्या दोन मॅच आहेतच, व्हँकुव्हरची सोडून देऊया का, एवढा खटाटोप आहे तर. त्यावर पुतण्या काय म्हणाला माहितीये, काका, हीच मॅच सोडायची नाही, इजिप्तने वर्ल्ड कपमध्ये आजपर्यंत एकही मॅच जिंकलेली नाही आणि जिंकायची सगळ्यात चांगली संधी हीच आहे. मी जाऊन बघितलं तर खरंच, १९३४ ला हरले, १९९० ला दोन बरोबरीत आणि एक हार, २०१८ ला तिन्ही हरले.

---

किवी_समर्थक

पुतण्याला सांगा न्यूझीलंडची पण तीच कथा आहे. १९८२ ला तिन्ही हरले, २०१० ला तिन्ही बरोबरीत, त्यात इटलीशी १–१ सुद्धा, एकही न हरता घरी परतलेली त्या स्पर्धेतली एकमेव टीम, पण जिंकलेली मॅच एकही नाही. म्हणजे २१ जूनला बीसी प्लेसमध्ये दोन्ही बाजूंना उपाशी माणसं असणार. मी ऑकलंडला सहा वर्षं काढली, क्रिस वूडला बघायला मी पण येतोय. बेल्जियम आणि इराणपेक्षा या मॅचमध्ये जास्त जीव असेल, तुम्ही सोडली असती तर मला खरंच वाईट वाटलं असतं.

---

फ्रेझरकाठची

पुढच्या फेरीचाही विचार करून ठेवा हं. ग्रुप जी जिंकणाऱ्याची मॅच १ जुलैला परत सिएटलला आहे, दुसरा आला तर डॅलस. आमच्याकडे २ जुलैला ग्रुप बी जिंकणाऱ्याची, म्हणजे कॅनडा पहिला आला तर व्हँकुव्हर वेडं होणार. आणि त्याच दिवसांत १ जुलैचा कॅनडा डे आणि ४ जुलैचा तुमचा स्वातंत्र्यदिन, बॉर्डरला वर्षातली सगळ्यात वाईट गर्दी तेव्हाच असते, वर्ल्ड कप नसला तरी. त्या आठवड्यात इकडून तिकडे जायचं असेल तर आदल्या दिवशी सकाळी लवकर, दुसरा उपाय नाही.

आमच्या बाजूने जाणाऱ्यांसाठी पण लिहिते, कारण हा धागा तेही वाचतील. कॅनडाचं पीआर, म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी, असलेल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतोच, पीआर कार्ड दाखवून सोडत नाहीत. तुमचे ग्रीन कार्डवाले इकडे तसे येऊ शकतात म्हणून आपलेही जाऊ शकतात असं धरून चालणारे दर मॅचला भेटतात. आणि गाडीने सिएटलला जाणार असाल तर स्टेडियमपर्यंत जाऊ नका, लिनवूडला गाडी ठेवा, २०२४ पासून लाइट रेल तिथपर्यंत आलीये, ती स्टेडियमच्या दारात सोडते. पारदर्शक बॅग घ्या, लुमेन फील्डला साधी पर्स आत नेऊ देत नाहीत, परत गाडीत ठेवायला म्हटलं तर गाडी लिनवूडला.

---

आई_आणि_वकिलीण

सॅमामिशकर, एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितेय. पुतण्या अल्पवयीन आहे आणि आई बरोबर नाही. वहिनींकडून संमतीपत्र घ्या, की मुलगा वडिलांबरोबर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमेरिका आणि कॅनडाला जातोय आणि माझी हरकत नाही, त्यात त्यांचा फोन नंबर, पत्ता, सही, आणि शक्यतो नोटरी करून. कॅनडाचे अधिकारी मुलांच्या बाबतीत फार बारकाईने विचारतात आणि ते योग्यच आहे. कधी कधी ते मुलाशी थेट बोलतात, कुठे चाललास, बरोबर कोण, आई कुठे. त्याला आधीच सांगून ठेवा की घाबरायचं नाही, जे आहे ते सरळ सांगायचं. बरोबर जन्मदाखल्याची प्रत ठेवा, इंग्रजीतली, ज्यावर आईवडील दोघांची नावं आहेत. व्हिसाच्या अर्जालाही हेच पत्र जोडायचं, म्हणजे एकदाच केलं की झालं.

आणि भावाची आणि तुमची ट्रेनमध्ये सीट वेगळी आली तर मुलाला भावाजवळच बसवा, तपासणीच्या वेळी वडील दुसऱ्या डब्यात आणि मुलगा काकाबरोबर असं नको.

---

सॅमामिशकर

ताई हे अगदी डोक्यातच आलं नव्हतं कोणाच्या. वहिनीला लगेच मेसेज टाकला, ती उद्या ऑफिसच्या जवळ नोटरी आहे तिथे जाऊन करते म्हणाली. पत्रात माझं नाव आणि इथला पत्ता पण टाकायचा का, ते आमच्याकडे राहणार आहेत म्हणून?

---

आई_आणि_वकिलीण

हो, टाका. राहण्याचं ठिकाण म्हणून तुमचा पत्ता, व्हँकुव्हरच्या दोन रात्रींसाठी हॉटेलचं नाव. आणि तारखा थोड्या सैल ठेवा, २० ते २२ जून एवढंच न लिहिता पूर्ण मुक्काम लिहा, म्हणजे पुढच्या फेरीसाठी परत जावं लागलं तर नवीन पत्र नको. मूळ प्रत भावाकडे, एक झेरॉक्स तुमच्याकडे.